याईराच्या बायकोची भाकर

“मावशी, तुम्ही पुस्तकं पाहून राह्यल्या का एकच पान पाहून राह्यल्या?” सिंधूताईनं शेवटी विचारलंच. “लोक साडी घेतात तं काठ पाह्यतात, पदर पाह्यतात, रंग जाते का इचारतात. तुम्ही सकाळपासून तिन्ही संचात त्याच जागी बोट घालता!”

गीताबाईनं बोट काढलं नाही. ओठ हलवत ती ओळ संपवली, मग तांबड्या पुठ्ठ्याचा तो जाड ग्रंथ मिटून ढिगावर ठेवला. ठेवला आणि पुन्हा उचलला.

“यात याईराच्या बायकोचं काहीच नाई दिलं?”

“कोनाच्या?”

“याईराच्या. ज्याची मेलेली पोरगी परभूनं उठवली त्याच्या बायकोचं.”

सिंधूताईनं चष्मा कपाळावर सरकवला. नांदुऱ्याच्या चर्चच्या आवारात दरवर्षी तीन दिवस मेळावा भरतो, आणि मांडवाच्या तोंडाशी सिंधूताईचा पुस्तकांचा स्टॉल असतो. गीतांची पुस्तकं, कॅलेंडरं, भिंतीवर लावायची वचनं यांचं गिऱ्हाईक तिला तोंडपाठ. पण बायबलची भाष्यं, म्हणजे शास्त्राचा एकेक अध्याय उलगडून सांगणारे हे ग्रंथ, पाळक लोक घेतात. मोताळ्याच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई सकाळच्या बसनं उतरून थेट भाष्यांपाशी उभी राहते, हे तिला नवीन होतं.

“तांबडा घ्या, मावशी.” मागून आवाज आला. मोताळ्याच्या चर्चच्या मंडळीचे तरुण पाळक ऋत्विकसाहेब चहाचा कप घेऊन उभे होते. “मी कॉलेजात तोच वापरला. प्रत्येक शब्दाचा मूळ अर्थ दिलाय, त्या काळच्या चालीरीती दिल्यात. वैयक्तिक अभ्यासासाठी त्याहून चांगलं मराठीत दुसरं नाही.”

“आन् हे?” गीताबाईनं चित्रांच्या पातळ पुस्तिका पुढे केल्या.

“ते संडे स्कूलसाठी.”

गीताबाईनं ते मघाशीच पाहिलं होतं. याईराच्या गोष्टीखाली त्यात प्रश्न दिला होता, ‘तुम्ही आपल्या मुलांना वेळेवर जेवू घालता का?’ रोज शाळाभर लेकरांना वाढणाऱ्या बाईला त्याचा रागच आला होता.

तिसरा संच दोनच भागांचा. तपकिरी पुठ्ठा, आतला कागद पिवळा, कोण्या जुन्या मराठी पाळकानं लिहिलेला. त्यात त्या जागी एवढंच होतं: ‘घरात काय होते व आईने काय वाढले, हे सांगितलेले नाही. वाचणाऱ्याने येथे थोडे थांबावे.’

“थांबासाठी पुस्तक कायले लागते?” असं म्हणून गीताबाईनं तो सगळ्यात आधी बाजूला सारला होता.

“पण याईराच्या पत्नीचं एवढं काय अडलंय?” साहेबांनी हसत विचारलं.

गीताबाईनं पदर डोक्यावर ओढला. “काही नाई, साहेब. कीर्तनासाठी पाह्यत होती.”

ती खोटं बोलली नाही. फक्त अर्धं सांगितलं.

तिचे मालक उकंडराव हे कीर्तनकार. ख्रिस्ती कीर्तन ज्यांनी ऐकलं नाही त्यांना कसं सांगावं? तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, तीच पेटी आणि तोच तबला. आख्यान तेवढं शास्त्रातलं. दावीद राजा उकंडरावांच्या तोंडी आला की खामगावच्या बाजारात भेटल्यासारखा वाटायचा. मोताळ्यापासून दुसरबीडपर्यंत त्यांना आवतन यायचं, आणि ऐकायला फक्त मंडळीतलीच माणसं यायची असं नाही. शेजारची माळ्या-कुणब्यांची घरंही सतरंजी घेऊन यायची. प्रवचन माणूस कानांनी ऐकतो. कीर्तन ऐकताना मांडीवरचा हातसुद्धा ऐकत असतो.

उकंडरावांचं सगळ्यांत नावाजलेलं आख्यान याईराच्या लेकीचं. लेक मरणाला टेकली म्हणून याईर प्रभूला बोलवायला गेला, वाटेत उशीर झाला, निरोप आला, पोरगी गेली. प्रभू तरीही घरी आला. मुलगी निजली आहे म्हणाला, तिचा हात धरून तिला उठवलं आणि म्हणाला, हिला काही खायला द्या. इथं उकंडराव थांबत. पेटीचा सूर तेवढा चालू राही. मग ते हलक्या आवाजात विचारीत, “मयताच्या घरी चूल पेटत नाही. शिजलेलं असेल तेही बाया फेकून देतात. मग मायबापहो, त्या घरी खायला होतं काय?” आणि मग ते सांगत, की याईराच्या बायकोनं पहाटेच्या भाकरीतून लेकीचा वाटा काढून टोपलीखाली झाकला होता. बाया ओढत होत्या, रागावत होत्या, तिनं दिला नाही. प्रभूनं शब्द उच्चारला आणि त्या माउलीनं टोपली उचलली.

“ठेव गं माये, वाटा ठेव.
निजलं लेकरू उठंल जेव्हा,
भूक लागंल, वाटा ठेव.”

मंडपातल्या बाया पदर तोंडाला लावीत.

उकंडराव-गीताबाईची थोरली छाया तापानं गेली, तेव्हा तिला बारावं लागलं होतं. याईराच्या लेकीचंही तेच वय. त्या आठवड्यातलं गीताबाईला काहीच आठवत नाही. बुलढाण्याला नेताना जीपच्या खिडकीतून दिसलेली बाभळीची रांग आठवते, पुढे एकदम नाताळ आठवतो. नाताळात उकंडरावांनी हे आख्यान लावलं, टोपलीखालच्या भाकरीचं सांगितलं, आणि झांज वाजवता वाजवता गीताबाईला पहिल्यांदा रडू फुटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. तेव्हापासून दर रविवारी पहिली भाकर ती टोपलीखाली काढून ठेवी. दारात जो येईल त्याची. कोणी विचारलं तर ठसक्यात सांगे, “शास्त्रात हाय.”

शास्त्रातलं ते पान मात्र तिनं कधी उघडलं नव्हतं. तिथं बोट ठेवायची तिची छाती नव्हती. उकंडराव होते, ते गात होते, तेवढं पुरे होतं.

उकंडराव गेल्या वर्षी गेले. त्या साली उपकारस्तुतीला, म्हणजे हंगामाच्या सणाला, कीर्तनाऐवजी स्पीकर लावला. या वर्षी पेटीवाले पुंजाजी हटून बसले. “वयनी, सारी आख्यानं तुमच्या कानावरून गेली. उभ्या राहा तुमी. म्या हाओ ना मांगं.” गीताबाई हो म्हणाली, याईराचं आख्यान लावते म्हणाली, आणि तयारीसाठी म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा ते पान उघडलं.

तिथं भाकर नव्हती.

मार्काच्या शुभवर्तमानात नव्हती, लूकात नव्हती, मत्तयात तर खायला द्या हेही नव्हतं. याईराची बायको होती, पण नावापुरती. टोपली नाही, ओढाताण नाही, काही नाही. गीताबाईनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग तिला वाटलं, एवढं मोठं शास्त्र, सगळं कसं मावेल? उकंडराव वाचणारे माणूस. कोण्या भाष्यात वाचलं असेल. त्या आशेवर ती नांदुऱ्याला आली होती. भाष्य निवडायचं कसं, हे तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ज्यात ती भाकर असेल ते घ्यायचं.

आणि ती कशातच नसेल तर? तर व्यासपीठावरून ते सांगता येणार नव्हतं, कारण साहेबांनी नेमच केला होता, शास्त्रात नाही ते पुढून बोलायचं नाही. पण त्याहून मोठी गोष्ट गीताबाईला खुपत होती. ज्या घासावर ती आजवर जगली, तो देवाच्या घरचा नव्हता? उकंडराव देवाचं नाव घेऊन तिच्याशी खोटं बोलले होते?

“कोनतं बांधू, मावशी?” सिंधूताईनं विचारलं.

“उद्या-परवा येतो,” म्हणून गीताबाई रिकाम्या हातानं निघाली. चार पावलांवरून परत फिरली आणि साहेबांना म्हणाली, “तुमचा तांबडा एक दिवस देता काय? नुसता पाह्यतो.”

घरी आल्यावर सून राखीनं पिशवीत डोकावून पाहिलं. “आई, एवढं जड! मले वाटलं तुम्ही नांदुऱ्याहून टरबूज आणलं.”

“पुस्तक हाय ते.”

“तेच तं म्हणते. बाबांनी एवढं कीर्तन केलं, त्यायले नाई लागलं असं पुस्तक.”

गीताबाई एकदम थांबली. “नाई लागलं? तुले काय मालूम नाई लागलं म्हणून?”

राखी बावरली. सासूबाईंचा आवाज असा चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. “तसं नाई म्हटलं म्या. बसा, च्या ठेवते.”

पण गीताबाईला बसवत नव्हतं. ओट्यावर पुस्तक उघडलं, तिथं प्रकाश कमी वाटला म्हणून अंगणात गेली, तिथं माशा आल्या म्हणून परत ओट्यावर आली. तांबड्या ग्रंथात याईराचा हुद्दा किती मोठा होता यावर दोन पानं होती. भाड्यानं रडायला आणलेल्या बायांवर एक पान होतं. आणि खायला देण्याबद्दल लिहिलं होतं, ‘मुलगी भूत नसून सदेह जिवंत झाली आहे, याचा हा पुरावा होय.’

“पुरावा!” गीताबाई मोठ्यानं म्हणाली.

“काय झालं, आई?”

“काही नाई वं. लेकराले भूक लागली तं हे म्हणते पुरावा.”

दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी बुडाशी लागली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मदतीची बाई पातेलं खरवडत म्हणाली, “अवं गीताबाई, ध्यान कुठं हाय तुमचं? हेडसर इचारतीन ना!”  गीताबाईच्या डोक्यात एकच माणूस राहिला होता जो सांगू शकत होता. वाढप होताच तिनं हात धुतले आणि पुंजाजींचं घर गाठलं.

पुंजाजी बाजेवर पेटी उघडून बसले होते. भात्याला चिकटपट्टी लावणं चाललं होतं. “या, वयनी. पाहा, हे म्हातारी खोकून राह्यली. सणापर्यंत धकली म्हणजे झालं.”

“भौजी, एक इचारू? खरं सांगसान?”

“आता या वयात खोटं बोलून कोनतं इलेक्शन लढायचं हाय मले?”

“याईराच्या बायकोनं भाकर झाकून ठेवली, हे त्यायनं कुठून घेतलं?”

पुंजाजींचा हात पट्टीवर थांबला. हसू गेलं. “काऊन इचारून राह्यल्या?”

“शास्त्रात नाई ते. म्या पाह्यलं. तीन-तीन भाष्यं पाह्यली. कुठंच नाई.”

“भाष्यात कसं भेटन?” पुंजाजी हळूच म्हणाले. “तुमाले खरंच आठवत नाई, वयनी?”

“काय आठवावं?”

पुंजाजींनी पेटी बंद केली. खालमानेनं बोलू लागले, मध्ये मध्ये अडखळत. “छायाले बुलढाण्याले नेलं, त्या दिवशी पहाटी तुमी भाकरी टाकल्या. मांगून जीपमधी बसल्या. दुपारी तिले घेऊन आले तं तुमी कोनाशी बोलेना. सरळ सैपाकघरात गेल्या आन् टोपल्यापाशी बसल्या. गल्लीतल्या बाया चूल इझवाले आल्या, शिजेल फेकाले आल्या. तुमी हात लावू देईना. ‘छायाचा वाटा हाय, उपाशी गेली ते, उठली की मांगन,’ असं म्हणत होत्या. दोघी-तिघी ओढून राह्यल्या होत्या तुमाले. लोक म्हणे, बाई बह्याळली, येडी झाली. उकंडराव दारात उभा. तो म्हणे, राहू द्या. कोनी हात नका लावू.”

 गीताबाईचे हात मांडीवर होते. ते तिनं उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

“मंग?”

“मंग काय? तिसऱ्या दिवशी तुमाले डाक्टरनं सुई देल्ली, तुमी झोपल्या. म्या गोठ्याकडं गेलो तं हा गडी तिथं बसून ते भाकर खाऊन राह्यला. वाळून लाकूड झालती. पान्यात बुडवून खाये. म्या म्हटलं, बे उकंड्या, काय करतं? तं म्हणे, फेकाची कशी, पोरीचा वाटा हाय.” पुंजाजींनी धोतराच्या टोकानं नाक पुसलं. “नाताळाच्या आधी तालमीले बसलो तं त्यानं हे नवं कडवं काढलं. म्या म्हटलं, हे शास्त्रात नाई ना बे. तो म्हणे, पुंजा, शास्त्रात बाप काय करत होता ते सारं हाय. माय घरात काय करत होती, ते कोनी नाई लिहिलं. म्या पाह्यलं ना.”

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल गेली. गीताबाई उठली, दारापर्यंत गेली, परत आली.

“मले काऊन नाई सांगतलं त्यायनं?”

“भ्यायला होता. तुमी हसाले-बोलाले लागल्या होत्या. म्हणे, परभूच्या घरचं म्हणून घेते ते, घेऊ दे. माह्या घरचं म्हटलं तं पुन्हा टोपल्यापाशी जाऊन बसन.”

त्या रविवारी, मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी, गीताबाई पुन्हा नांदुऱ्याला गेली. सिंधूताई खोकी भरत होती.

“तांबडाच ना? साहेबांनी सांगून ठेवलं हाय.”

“नाई. ते तपकिरी द्या. दोन भागाचं.”

“मावशी!” सिंधूताईनं कपाळावर हात मारला. “ते तं तुम्ही पह्यल्याच दिवशी लोटलं होतं. म्हटलं होतं, थांबासाठी पुस्तक कायले!”

“हाव. आता थांबाचंच हाय.”

ऋत्विकसाहेब मांडवातून येत होते. त्यांचा तांबडा ग्रंथ गीताबाईनं पदरानं पुसून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तपकिरी पुठ्ठा पाहिला आणि त्यांना राहवलं नाही. “मावशी, यात संदर्भ नाहीत, नकाशे नाहीत. लिहिणाऱ्याला बरंच ठाऊकही नव्हतं.”

“त्याले ठाऊक नसलं तं तो नाई म्हणते, साहेब. तुमच्या तांबड्यात साऱ्याचं उत्तर हाय. मले मधी पाय टेकाले जागा नाई भेटली.” मग आवाज खाली आणून तिनं पुंजाजींनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. तिथंच, खोक्यांच्या आडोशाला उभं राहून. “आता तुमी सांगा. शास्त्रात नाई ते मी उभ्यानं सांगू काय?”

 लहानपणी दुसरबीडला साहेबांनी स्वतः ते कीर्तन ऐकलं होतं. आजीच्या मांडीवर बसून रडले होते. तेव्हापासून तेही ते शास्त्रातलंच समजत होते. कॉलेजात कळलं तेव्हा त्यांना फसवल्यासारखं झालं होतं, आणि त्यांचा तो नेम खरं तर तिथूनच आला होता.

“लिहिलेलं नाही, असं सांगून सांगाल?” त्यांनी विचारलं.

“सांगीन.”

“म्हणजे उकंडरावांनी शास्त्रात नसलेलं शास्त्र म्हणून गायलं, हे तुम्हीच लोकांना सांगणार. त्यांच्या बायकोनं. मावशी, लोक त्यांना संत मानतात.”

गीताबाईनं पुस्तकाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रात्रभर तिला झोपू न देणारा सल नेमका हाच होता. कडवं गाळलं तर उकंडराव खोटे ठरत होते; गायलं तर ती स्वतः खोटी ठरत होती; आणि खरं सांगितलं तर त्यांचं नाव चव्हाट्यावर जात होतं.

“मी पहिल्या ओळीत बसेन,” साहेब म्हणाले. “एवढंच माझ्या हातात आहे.”

सणाच्या दिवशी चर्चच्या ओट्यासमोर सोयाबीनची पोती, कापसाच्या पहिल्या वेचणीची गाठोडी, पपया, भोपळे, पाय बांधलेली एक कोंबडी असं सगळं देवापुढे मांडलं होतं. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. आवारात मंडळी मावत नव्हती. कुंपणाबाहेर बाजारकऱ्यांच्या पाट्या उतरल्या होत्या. उकंडरावांच्या घरचं कीर्तन आहे म्हटल्यावर बरेच जण आत येऊन कडेला टेकले.

गीताबाई उभी राहिली. पूर्वरंग कसाबसा गेला. आवाज कापत होता, पहिलं पद तिनं दोनदा चुकवलं, मागच्या पोरांतून कोणी हसलं. पुंजाजी पेटीवरून पुटपुटले, “वयनी, तबला पळून नाई जात. सावकास.” पण उत्तररंगाला याईर प्रभूच्या पायाशी पडला आणि तिचा आवाज आपोआप स्थिर झाला. मागच्या पोरांचं हसणं थांबलं. निरोप्या आला, पोरगी गेली. प्रभू घरात शिरला. हात धरला. पोरगी उठून चालू लागली. हिला काही खायला द्या.

गीताबाई थांबली. पुंजाजींनी सूर धरला. पुढं काय येणार हे मंडपाला पाठ होतं, पुढच्या म्हाताऱ्यांनी तिच्या आधीच सुरुवात केली, “ठेव गं माये...”

तिनं हात वर केला. “थांबा.”

गाणं विस्कटून बंद पडलं.

“मायबापहो, लिहिलेलं इथपर्यंत हाय. भाकरीचं पुढचं शास्त्रात नाई. म्या साऱ्या भाष्यात पाह्यलं. नाई.”

कुजबुज उठली. समितीतला एक जाडजूड माणूस मागून मोठ्यानं म्हणाला, “म्हणजे उकंडराव खोटं सांगत होता काय आमाले?”

गीताबाईनं पहिल्या ओळीकडे पाहिलं. साहेबांनी मान खाली घातली नव्हती.

“खोटं नाई सांगतलं, भाऊ,” ती म्हणाली. “पत्ता तेवढा चुकीचा सांगतला. ते घर याईराचं नव्हतं. मायं होतं. तुमाले ठाऊक हाय, मायी छाया गेली. मले आठवत नाई, पन लोक सांगतात, म्या तिचा वाटा झाकून ठेवला होता आन् कोनाले हात लावू देल्ला नाई. मले येड लागलं असं साऱ्यायनं म्हटलं. एकट्या त्यायनं म्हटलं नाई. त्यायनं ते भाकर उचलली आन् परभूच्या गोष्टीत नेऊन ठेवली, मले भेटावी म्हणून. मले भेटली. मी जगली.”

तिनं झांज खाली ठेवली. 

“याईराच्या घरची उठली. मायी नाई उठली. याईराच्या बायकोनं काय वाढलं, ते देवाले माहीत. मायाकडं भाकर होती, पोरगी नव्हती. एवढंच खरं हाय. आता म्हणायचं तं म्हणा.”

कोणी म्हणेना. पुंजाजींच्या पेटीचा चिकटपट्टीचा भाता सूं सूं करत होता. मग गीताबाईनंच सुरुवात केली, एकटीनं, झांजेशिवाय. “निजलं लेकरू उठंल जेव्हा...” दुसऱ्या ओळीला साहेबांचा आवाज मिळाला, बेसूर. तिसरीला सगळा मांडव. तो समितीतला माणूस गात होता की नाही, ते गीताबाईनं पाहिलं नाही.

कीर्तन संपलं आणि लगेच लिलाव सुरू झाला. लोक ओट्याकडे धावले. दोघी-चौघी म्हाताऱ्या गीताबाईच्या पाया पडून गेल्या, दोघे-तिघे तिच्याकडे न बघता गेले. ती सतरंजीच्या कडेला बसली. 

“बसू काय वं इथं?”

तिनं वर पाहिलं. बाजारात वांगी-मिरच्या विकणाऱ्या सरस्वतीबाई होत्या. आमराईकडच्या माळ्यांच्या. बाजारात भावावरून घासाघीस करण्यापलीकडे दोघींची ओळख नव्हती. गीताबाई सरकली. सरस्वतीबाई मांडी घालून बसल्या, हाताला लागलेला मिरचीचा देठ चिमटीत फिरवत राहिल्या.

“कोनत्या इयत्तेत होती तुयी?” त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. लोक म्हणत, देवानं दिली, देवानं नेली. म्हणत, पोरगा गोपाल आहे ना, त्याच्याकडं पाहा. इयत्ता कोणी विचारली नव्हती.

“सातवीत गेली होती. गणित येत नव्हतं तिले,” गीताबाई म्हणाली आणि तिला हसू आलं. “लय रडे गणितापायी.”

“मायी शाळेतच नव्हती गेली अजून. हिरीत पडली.”

ओट्यावर कोणी पपई उंच धरून ओरडत होतं, “एक बार! एक बार! बोला पुढं!” कोंबडी सुटली होती आणि पोरं तिच्यामागं लागली होती. दोघी त्या गोंधळाकडे बघत बसल्या.

“नाव काय ठेवलं होतं?” गीताबाईनं विचारलं.

सरस्वतीबाईंनी देठ टाकला. हात लुगड्याला पुसले.

“पुष्पा,” त्या म्हणाल्या. मग मान हलवली, घसा साफ केला, आणि जणू हजेरीला उभं राहिल्यासारखं सावकाश पूर्ण म्हणाल्या, “पुष्पांजली.”